धुऱ्यावरचा पहिला रोडगा

वसईहून निघताना बहिणीने बजावलं होतं, "तिकडचं ऊन वेगळं असतं, डोक्याला काहीतरी बांध." मी हसण्यावारी नेलं. धर्मगुरू झाल्यापासून मला सगळ्यांचं ऐकून घ्यायची सवय आहे, पण बहिणीचं काही मी ऐकत नाही. अमरावतीच्या फादरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ईस्टरनंतरचे काही दिवस त्यांचं चर्च मी सांभाळायचं, असं ठरलं होतं.

गाडीत जाग आली तेव्हा अकोला मागे पडत होतं आणि नुकतं उजाडत होतं. खिडकीबाहेर काळी जमीन होती. सपाट, ओसाड, नजर पोहोचेल तिथवर. आपल्याकडे नजर जरा लांब गेली की केळीची बाग तरी आडवी येते, नाहीतर समुद्र तरी. इथे काहीच आडवं येत नव्हतं. मी अर्धवट झोपेत होतो, आणि खरं सांगतो, मला वाटलं आपण कुठे पोहोचायला निघालेलो नाहीच. हे असंच चालत राहणार. ते वाटणं पुढे अमरावतीतही माझ्या अंगावरून उतरलं नाही. चर्चमधली सकाळची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, मग गिला वडा (दही-चटणीत बुडवलेला डाळीचा वडा, तिखटाने डोळ्यांत पाणी आणणारा), मग दुपारभर पंख्याखाली लोळणं. उन्हात समोरचा रस्ता हलताना दिसायचा. जपमाळेचे मणी मोजता मोजता डोळा लागायचा आणि जागा झालो की कुठल्या मण्यावर होतो ते आठवायचं नाही.

एका दुपारी फादरांनी अंथरुणावरूनच काम सांगितलं. हिवरखेडच्या बाजूच्या एका खेड्यात मार्थाबाई राहतात, निवृत्त नर्स. गावात त्या एकट्याच ख्रिस्ती. त्यांच्या शेजारच्या सुशीलाला पावसाळ्यात कापूस निंदताना साप चावला होता. मार्थाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन गाडीतून अकोल्याच्या दवाखान्यापर्यंत गेल्या आणि वाटेत त्यांनी मारियामातेला नवस बोलला, सुशीला जगली तर तिच्याच शेतात मिस्सा आणि साऱ्या आळीला रोडगे. सुशीला जगली. मात्र त्या दिवसापासून तिने शेतात पाऊल टाकलं नव्हतं. नवस फिटल्याशिवाय टाकणार नाही म्हणत होती.

"दुसऱ्या पावसाच्या आत फिटू द्या," फादर म्हणाले. "त्यांचं शेत दोघांच्याच हातावर आहे."

अकोल्याहून बस धरली. शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या, मांडीवर संत्र्यांची पिशवी.

"कोन गावचे तुमी?"

"वसईचा."

"लेकरंबाकरं?"

"नाहीत. लग्नच केलं नाही."

"काहून?"

'का' असं इतक्या सरळ मला कुणी विचारलं नव्हतं. "देवासाठी," मी म्हणालो.

"माय वं! देवाले लग्न झालेली मान्सं चालत नाहीत का?"

मागच्या बाकापर्यंत सगळे हसले. मीही हसलो. आजींनी संत्रं सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवलं आणि विषय मिटवून टाकला. अकोट गेलं, तशी उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसायला लागली. ती कितीही वेळ पाहिली तरी जवळ येत नव्हती.

हिवरखेडला सुशीलाचा नवरा, देवीदासभाऊ, मोटारसायकल घेऊन उभे होते. उंच, कमी बोलणारा माणूस. वाटेत एवढंच म्हणाले, "फादर, बाई रात्री बी पाय पोटाशी घेऊन झोपते. तुमी काहीबी करा, पन तिले वावरात आना."

वावर म्हणजे शेत. त्यांच्या वावरात गहू निघून गेला होता. धुऱ्याजवळ (शेताच्या बांधाजवळ) कडुलिंबाखाली टेबल मांडून मार्थाबाईंनी वर धुतलेली चादर घातली होती. पांढऱ्या साडीतल्या, ठेंगण्या, चुरूचुरू बोलणाऱ्या बाई. "उशीर केला फादर, रोडगे करपतील!" हे त्यांचं स्वागत. रोडगा म्हणजे गव्हाच्या जाड पिठाचा, घड्या घालून वळलेला गोळा, तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजतात. पलीकडे पुरुषमंडळी तेच करत होती, आणि मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती. सुशीला धुऱ्यावर उभी होती. अनवाणी, पदर घट्ट ओढून. खाली उतरत नव्हती.

मिस्सा सुरू केली. वारा नव्हता. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटत होता. मार्थाबाई मोठ्याने उत्तरं देत होत्या, बाकी आळी हात जोडून बसली होती. मार्थाबाईंना कम्युनियन दिलं, म्हणजे ओस्ती, पवित्र केलेल्या भाकरीची पातळ चकती, आणि वळलो, तर देवीदासभाऊ समोर.

"आता सुशीलेले द्या. आमच्या घरात पूजा करनाऱ्याच्या हातचा परसाद पहिल्यांदा नवसाच्या मान्सानं खायाचा असतो. तवाच नवस फिटते."

बाप्तिस्मा न झालेल्याला ओस्ती देता येत नाही, हे मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आलोय. मी ओस्तींचं पात्र टेबलावर झाकून ठेवलं, धुऱ्यापाशी गेलो आणि सुशीलाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. तिने डोळे मिटले, मग उघडले. ओंजळ पुढेच होती, उजवा हात वर, खाली डावा.

"परसाद?"

"हा देता येत नाही, बाई."

"काहून?"

बसमधल्या आजींनी विचारला तोच शब्द. धर्मगुरू होताना सेमिनारीत शिकलेली सगळी उत्तरं माझ्याजवळ होती, आणि त्यातलं एकही त्या ओंजळीत ठेवण्याजोगं नव्हतं. ती ओंजळ हळूच पदराखाली गेली. देवीदासभाऊंनी मान खाली घातली. मला इतकं वाईट वाटलं की शेवटची प्रार्थना मी कशी म्हटली, देव जाणे.

मिस्सा संपली तरी कुणी पंगतीला बसेना. मीही अंगावरचा पांढरा झगा काढला नाही. काही ठरवलं होतं असंही नाही. पाय निखाऱ्यांकडे वळले, एवढं खरं. खाली वाकलो, राख बाजूला केली आणि एक रोडगा उचलला.

"अहो फादर, थांबा, पोयते!" देवीदासभाऊ ओरडले.

पोळलंच. अंगठा आणि तर्जनी, दोन्ही. पण सोडला नाही. राख झटकली, टेबलापाशी येऊन त्यावर क्रूसाची खूण केली आणि धुऱ्यावर नेला. तिथेच फोडला. आतून वाफ आली, भाजलेल्या गव्हाचा वास आला.

"हा माझ्या हातचा. घे बाई. तू जगलीस, त्याचा."

सुशीलाने माझ्याकडे पाहिलं, मग मार्थाबाईंकडे. मार्थाबाई चक्क रडत होत्या. तिने तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला. उरलेल्यातला अर्धा तोडून माझ्या हातावर ठेवला. "तुमी बी खा. सकायपासून उपाशी दिसता."

मी खात होतो, तेवढ्यात ती खाली उतरली. काळ्या मातीवर एक पाऊल, मग दुसरं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई फक्त म्हणाली, "चला आता, भाजी निवते," आणि पंगत बसली.

वसईला परतलो तेव्हा बहिणीने बोटांवरचे फोड पाहून चांगलं झापलं. डोक्याला काही बांधलं नव्हतं हे मी तिला सांगितलंच नाही. पावसाला सुरुवात झाल्यावर मार्थाबाईंचा फोन आला. सुशीला रोज वावरात जाते. अनवाणी जायची म्हणून त्यांनीच तिला रबरी बूट घेऊन दिलेत. "नवस नवसाच्या जागी, साप सापाच्या जागी," असं ठणकावून म्हणाल्या.

नियम मी मोडला नाही, आणि तो पाळल्याचा आनंदही झाला नाही. ओस्ती ज्या दोन बोटांत धरतात तीच पोळली होती. परत आल्यावर कितीतरी दिवस मिस्सेत ओस्ती वर उचलली की बोटं हुळहुळायची आणि नाकाशी भाजलेल्या गव्हाचा वास यायचा. आता फोड पार बरे झालेत, कातडीसुद्धा नवी आली आहे. परवा वेदीवर बोटं हुळहुळली नाहीत, वासही आला नाही, हे लक्षात आलं आणि मला चुटपुट लागून राहिली.