राजेश्रीची हजेरी

आमच्या बी.ए.च्या वर्गाचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यावर सकाळी फुलं येतात, दुपारी सांधेदुखीवरचे काढे येतात आणि संध्याकाळी राजकारणावरून भांडणं होतात. मी बसवेश्वर, वर्गाचा बसू, वालूरचा कापड दुकानदार. गिऱ्हाईक नसलं की मी हे सगळं वाचतो आणि चिडतो. या ग्रुपमुळेच आपला वर्ग पंचवीस वर्षं टिकला, असं कुणी लिहिलं की जास्तच चिडतो. वर्ग टिकला तो राजेश्रीमुळे, आणि ती तर ग्रुपवर चुकून कधीतरी फिरकते.

राजेश्री एसटीत कंडक्टर आहे, जिंतूर डेपोला. कॉलेजात ती कमी बोलायची, आताही कामापुरतंच बोलते. पण ज्या फेरीवर गेली तिथल्या वर्गमित्राला खिडकीतून का होईना, गाठल्याशिवाय तिची गाडी गाव सोडत नाही. पूर्णेच्या शिवरंजनीला मुलगी झाली, हे मला माझ्या दुकानासमोर थांबलेल्या एसटीच्या दारातून कळलं. शिवरंजनीने पाठवलेला पेढा पण तिथूनच हातात पडला. मी पैठणहून आणलेलं कापड शिवरंजनीच्या बाळाला त्याच दारातून पोचलं.

महेश्वरीचं सांगतो, म्हणजे ही बाई काय आहे ते कळेल. महेश्वरीही आमच्याच वर्गातली. तिचं घर बोरीच्या अलीकडे, रस्त्याला लागून, शेतात. नवरा अपघातात गेला आणि तिने दार लावून घेतलं. फोन बंद, सासर-माहेर बंद. आम्ही सगळे हळहळलो आणि आपापल्या कामाला लागलो. राजेश्री तेव्हा जिंतूर-परभणी फेरीवर होती. महेश्वरीच्या घरासमोर हात दाखवला की गाडी थांबते, पण हात दाखवणारं कुणी नसायचं. तरी राजेश्री तिथे घंटीची दोरी एकदा ओढायची. गाडी थांबायची. ती दार उघडून पायरीवर उभी राहायची, घराकडे बघायची आणि मग डबल बेल देऊन निघायची. ड्रायव्हर बन्सीधर हा तोंडाचा फटकळ माणूस. त्याने विचारलं, कुणी उतरायलंय का बाई? ती म्हणाली, कुणीतरी चढंल.

सोयाबीन निघालं, तूर निघाली, उन्हाळा आला, गाडी रोज थांबत राहिली. एक दिवस महेश्वरी धुतलेलं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन रस्त्यावर उभी होती. राजेश्रीने तिला काहीही विचारलं नाही. कुठलं देऊ, एवढंच म्हणाली आणि परभणीचं तिकीट फाडून हातात दिलं. आज महेश्वरी बोरीत अंगणवाडी चालवते. हे मला बन्सीधरने सांगितलं, आणि सांगताना तो शिव्या द्यायचं विसरला होता. गजाने कापड मोजताना मला ते अधूनमधून आठवतं आणि मोजणं चुकतं. रोज एका बंद दारापुढे गाडी उभी करायची, याला काय लागत असेल, ते माझ्या डोक्यात अजून मावत नाही.

तर, पंचवीस वर्षं झाली म्हणून मेळावा भरवायचं ठरलं. नोकरदारांना दिवाळीची सुट्टी हवी होती. तेव्हा राजेश्रीचा फोन आला. मे महिन्यात घ्या, म्हणाली, कारण वैजीनाथ. वैजीनाथ आमच्यासारखाच बी.ए. झाला, पण नोकरी लागली नाही. दसरा झाला की तो बायकोला घेऊन ऊसतोडीला जातो आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततो. ग्रुपवर तो नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षातही नव्हता. "तो नसंल तर मी येत न्हाई," असं ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिचा हट्ट मी पहिल्यांदा ऐकला.

मेमधला एक रविवार धरला आणि पंचांग कुणीच उघडलं नाही. लग्नाचा बस्ता बांधून ज्याचं पोट चालतं, त्या मलाही सुचलं नाही. नेमकी ती लग्नाची दाट तिथ निघाली. जिंतूरला हॉल ठरलेला, जेवण सांगितलेलं, लांबचे लोक तिकिटं काढून बसलेले. इकडे एसटीच्या जादा फेऱ्या लागल्या आणि राजेश्रीला रजा मिळाली नाही. दुसऱ्यासाठी तिने तारीख मागून घेतली आणि त्याच तारखेने तिलाच बाहेर ठेवलं.

मी तिला स्टँडवर गाठलं आणि एक दिवस आजारी पडायला सांगितलं. माझं ऐकून ती हसली.

"बसू, माझ्या जागी दुसरा कंडक्टर न्हाई. मी न्हाई आले तर गाडी डेपोतच राहती. लेकरंबाळं घेऊन माणसं उन्हात वाट बघायलेत अन् मी जिलेबी खात बसू का?" मग म्हणाली, "वाईट वाटायलंय रे. लय वाटायलंय. पण तुमी करा."

मेळाव्याच्या दिवशी आम्ही वीसेक जण भगवे फेटे बांधून हॉलवर जमलो. वैजीनाथ इस्त्रीचा सदरा घालून आला. त्याने आधी राजेश्री कुठंय विचारलं, आणि कळल्यावर तो दाराजवळच्या खुर्चीवर गुमान बसला. आमचे इतिहासाचे आदिनाथ सर आले. सर आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची जुनी रीत अशी की हजेरी नावाने घ्यायची, नाव आलं की उभं राहायचं, आणि हजेरी पुरी झाल्याशिवाय धडा सुरू करायचा नाही. म्हणून सत्कार-भाषणाच्या आधी हजेरी ठेवली होती. सरांनी नावांचा कागद डोळ्यांजवळ धरला. बसवेश्वर म्हटल्यावर मी उभा राहिलो. महेश्वरी उभी राहिली. मग सर म्हणाले, "राजेश्री."

महेश्वरीने सांगितलं, की सर, ती ड्यूटीवर आहे, तिची परभणीची गाडी आता स्टँडवर लागली असेल. सरांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि काठी घेतली. "मग इथं काय करायलो आपण?" म्हणाले आणि चालू लागले.

भर दुपारच्या उन्हात एक म्हातारा पुढे आणि फेटेवाले मागे, असे आम्ही स्टँडवर गेलो. गाडीत वऱ्हाडी मंडळी दाटीने बसलेली. आम्ही सगळे आत घुसलो, तेव्हा कुसुमबाई नावाची एक म्हातारी आमचे फेटे बघून नवरदेव कुठला म्हणून विचारू लागली. वैजीनाथने तिला सांगितलं, की आज नवरी हाय, ती बघा, खाकीत.

राजेश्री मागच्या बाजूला तिकिटं देत होती. गळ्यात मशीन, कपाळावर घाम. आम्हाला बघून ती जागीच थांबली. सरांनी एका हाताने वरचा दांडा धरला, दुसऱ्या हाताने कागद उघडला आणि वर्गात म्हणायचे तसं म्हणाले, "राजेश्री."

तिने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. सगळी गाडी तिच्याकडे बघत होती. तिने परत प्रयत्न केला, ओठ नुसते हलले. मग तिचा हात आपोआप वर गेला आणि तिने दोरी ओढली. दोनदा.

पुढे बसलेल्या बन्सीधरला काय ठाऊक? डबल बेल ऐकली, त्याने गियर टाकला आणि गाडी हलली. कुणीतरी थांबवा म्हणालं, पण सरांनी हात वर केला तसे सगळे गप्प झाले. हॉलवर जेवण मांडून ठेवलं होतं, आचारी वाट बघत होता, आणि आमचा अख्खा मेळावा बोरीच्या रस्त्याला लागला. रोज एकीच्या दारात गाडी उभी करणाऱ्या बाईच्या दारात आज आम्ही सगळे उभे होतो.

"हजर," सर स्वतःशीच म्हणाले आणि पुढचं नाव घेतलं. वैजीनाथ फेट्याला हात लावून ताठ उभा राहिला. शिवरंजनी दाटीतून उठली. शेवटचं नाव झालं. सरांनी कागदावरून एकदा बोट फिरवलं.

"आज कुणी गैरहजर नाही," ते म्हणाले.

राजेश्रीने तोंड खिडकीकडे फिरवलं. महेश्वरी तिच्याजवळ सरकली. मग राजेश्रीने बाहीने डोळे पुसले, मशीन सरळ केलं आणि आमच्याकडे वळली.

"सरांचं तिकीट लागत न्हाई, बायांचं अर्धं," ती म्हणाली. "बाकीच्यांनी बोरीचं काढा. अन् पुढं सरका, दारात गर्दी करू नका."