ओला कोट

ख्रिस्ती असल्याचा अभिमान कशासाठी, असं कुणी विचारलं की मला एक ओला कोट आठवतो.

बहात्तरच्या दुष्काळात मी वडूजजवळ मावशीच्या गावी होतो. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर वाटून घ्यायचा विधी. भाकर मोडण्याआधी पाळक म्हणाले, "कुणाचं कुणाशी काही राहिलं असेल, तर आधी ते मिटवा." हे ते दर वेळी म्हणत. आम्हीही सवयीनं डोळे मिटले. पुढच्या बाकावरचा पांढऱ्या मिशांचा निवृत्त फौजी मात्र उठला.

"पाळकसाहेब, थांबा जरा," म्हणाला आणि पदकं लावलेला कोट सावरत बाहेर पडला.

समोरच एका धनगर म्हातारीचं घर होतं. त्याचा खडा आवाज आम्हाला आत ऐकू आला. "आक्का, काल माझ्या हिरीवरनं तुमची घागर रिकामी धाडली. पाप केलं. माफ करा."

"आवं, माफीनं तहान भागती व्हय? पानी द्या!"

तो तिचीच घागर घेऊन विहिरीवर गेला, स्वतः पाणी शेंदलं आणि भरली घागर खांद्यावर घेऊन भर रस्त्यानं तिच्या दारी आला. तोवर पाळक भाकर हातात धरून उभे होते.

मग तो आत आला. कोट खांद्यापासून निथळत होता. परेडला उभं राहावं तसा ताठ उभा राहून त्यानं भाकरीसाठी हात पुढे केला.

बाहेर पडल्यावर मी विचारलं, "सगळ्या गावादेखत माफी मागायची लाज नाही वाटली?"

त्यानं मिशीवरून हात फिरवला.

"लाज काल वाटाया पायजे हुती, गड्या. आज कशाची?"