एका नावाची दोन उत्तरं

ऑफिसात माझं काम नेमसर्व्हरवर लक्ष ठेवण्याचं. कोणी वेबसाइटचं नाव टाकलं, की ती कुठल्या मशीनवर आहे हे नेमसर्व्हर सांगतो. एका नावाला असे निदान दोन लागतात. मूळ नोंद एकाकडे, नक्कल दुसऱ्याकडे. नोंद बदलली की तिचा क्रमांक वाढतो आणि दुसरा नवी नक्कल ओढून घेतो. रोज सकाळी मी दोनच गोष्टी बघते: दोघं उत्तर देतात का, आणि दोघांचा क्रमांक सारखा आहे का. ठीक असेल तर माझ्या बोर्डावर हिरवं, नसेल तर लाल.

पारशिवनीकडे जंगलाच्या वाटेवर खोल्या बांधून पाहुणे ठेवणारे एक गृहस्थ आमचे ग्राहक होते. त्यांची साइट नव्या मशीनवर हलवली. आमच्या सर्व्हरवर पत्ता बदलला, दुसऱ्यावर बदललाच नाही. तो दुसऱ्या कंपनीचा होता, साइट बनवणाऱ्याने ओळखीत घेतलेला. तिथे कोणीतरी, नक्कल शिळी झाल्याच्या सूचना येतात म्हणून, आपलाच सर्व्हर मूळ आहे अशी नोंद करून टाकली होती. सूचना थांबल्या, आणि तो सर्व्हर आमच्याकडे नवी नक्कल विचारायला यायचाही थांबला. तोवर काही बदललं नव्हतं, म्हणून क्रमांक जुळत राहिले.

आता अर्धे लोक नव्या साइटवर पोचत आणि अर्धे जुन्या मशीनवर. तिथे एकच ओळ उरली होती: ही साइट बंद आहे.

थंडी म्हणजे त्यांचा कमाईचा हंगाम. ते ऑफिसात येऊन बसले.

"ताई, मले तर बरोबर दिसून राहिलं. पुण्याचे पाव्हणे म्हणतात, तुमचं बंद झालं. काहून?"

"तुमच्या फोनला आमच्या सर्व्हरने उत्तर दिलं, भाऊ. त्यांना दुसऱ्याने."

"म्हणजे घरात नवरा म्हणते या, अन् बायको म्हणते जा?"

"तसंच."

"मंग त्या बायकोले समजवा न."

समजावणार कोणाला? ती कंपनी उठली होती. मेल परत येत होते. त्यांचा सर्व्हर मात्र कुठेतरी चालू होता. दुसरा उपाय म्हणजे या साइटच्या नेमसर्व्हरांच्या यादीतून तो सर्व्हरच काढणं. त्यासाठी जिथून साइटचं नाव विकत घेतलं तिथला पासवर्ड हवा. नाव घेतलं होतं साइट बनवणाऱ्याने, स्वतःच्या नावावर. त्याचा फोन बंद. विकणाऱ्यांना मी पुन्हा पुन्हा लिहिलं. प्रत्येक वेळी एकच उत्तर: ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच अर्ज करावा.

आमच्या साहेबांना या भानगडीत रस नव्हता. "मॅडम, सर्व्हर उत्तर देतो ना? मग हिरवं दाखवा."

"चुकीचं उत्तर देतो."

"ते आपलं नाही."

मी लालच ठेवलं. त्याने काही झालं नाही.

नवं नाव घ्या, असं मी सुचवलं. गृहस्थांनी घेतलंही. पण रस्त्यावरच्या पाटीवर, जुन्या पाहुण्यांच्या फोनमध्ये, गाडीवाल्यांच्या कार्डांवर जुनंच होतं. "लोकायले जुनं ठाऊक हाये, ताई. बंद दिसलं की बाजूच्याकडे जातात. नवं कोण शोधते?" बाजूला तशी चांगली हॉटेलं झाली होती. लोकांचंही चुकत नव्हतं.

हंगाम सरता सरता त्यांचा फोन आला. खोल्या रस्त्याच्या ठेकेदाराला दिल्या होत्या, सिमेंट ठेवायला. पलंग विकले.

"आता ते बघणं सोडा, ताई. काहून जीव काढता?"

"जीव नाही काढत, भाऊ. माझं कामच आहे."

"मंग काम कमी करा," ते म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही.

ते ग्राहक राहिले नव्हते, त्यामुळे नियमाप्रमाणे मी त्यांचं नाव माझ्या बोर्डावरून काढलं. महिन्याचा अहवाल पाहून साहेब म्हणाले, "सगळं हिरवं! शाब्बास, मॅडम."

तो दुसरा सर्व्हर अजून चालतो. मी अधूनमधून ते नाव विचारून बघते. तो लगेच उत्तर देतो.