काकूंना मोर्चाला वेळ नाही

गरोदर बायकांचं भलं कशात आहे, यावर अमेरिकेतल्या आमच्या फ्रिस्कोत दर शनिवारी दोन गट आमनेसामने फलक घेऊन उभे राहतात. फोटो छान येतात. गरोदर बायकांच्या मदत केंद्रातल्या मराठी काकू मात्र त्याच वेळी तिथं डायपरची खोकी रचत असतात. कुणी बोलावलंच तर म्हणतात, "येते हो, तेवढी बाळं मोठी झाली की."

सातव्या महिन्यात मी तिथं गेले. माझी शाळा नववीत सुटलेली. इंग्रजी फॉर्म नुसताच उलटसुलट करत बसले. अडाणी म्हणून परत पाठवतील, अशी भीती.

"उपाशीच आलीस ना? शहाणी," असं झापत काकूंनी फॉर्म ओढून भरायला घेतला आणि काउंटरवरच्या गोऱ्या बाईंना सांगितलं, हिचा चष्मा घरी राहिलाय. एवढं इंग्रजी मला कळलं.

मला चष्मा कधी लागलेलाच नाही. तरी मी डोळे बारीक करून सही केली.