मैनेने खाल्लेला नकाशा

लोधिवलीच्या फाट्यावर एसटीतून उतरले तेव्हा माथेरानचा अख्खा डोंगर उन्हात उघडा उभा होता. उद्या त्याच्या माथ्यावर जायचं, या कल्पनेनंच मला इतका आनंद झाला की पिशवी एसटीतच राहिली. कंडक्टरनं ती खिडकीतून फेकली, म्हणून वाचले.

सांगलीत माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. मैत्रिणीचा धाकटा दीर संदेश इथे छापखाना चालवतो आणि प्लास्टिकला हात लावत नाही, असं ऐकलं होतं. ते डोळ्यांनी पाहायला आले होते.

छापखान्यात शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे वास नव्हता. यंत्र पुसताना येणारा तो रॉकेलचा, डोकं धरणारा वास. "पुसायला आता वनस्पतीचं तेल वापरतो, ताई. शाईसुद्धा सोयाबीनच्या तेलातली. वाळायला वेळ लागतो तेवढाच," संदेश म्हणाला. कोपऱ्यात सेटिंगचे ताव (यंत्र जुळवताना वाया जाणारे मोठे कागद) रचलेले होते. तेच ताव तो पुन्हा पुन्हा वापरतो. एकाच कागदावर नवरा-नवरीचं नाव, त्यावर खोकल्याच्या औषधाचा खोका, त्यावर गणपतीची आरती. मी त्यातले दोन हट्टानं मागून घेतले.

लॅमिनेशनचं (कागदावर प्लास्टिकचा पापुद्रा चढवण्याचं) यंत्र मात्र अजून तिथेच होतं, बंद. माथेरानच्या एका मोठ्या हॉटेलला पाहुण्यांसाठी नकाशे हवे होते; त्याचे नमुने दाखवायलाच आम्ही उद्या वर जाणार होतो. ते साध्या कागदावर घ्यायला हॉटेल तयार झालं, तर यंत्र विकून टाकायचं. नाही झालं, तर पुन्हा चालू करायचं. "साध्या कागदावर किती दिवस तग धरणार, ताई? प्रत्येकाला चकचकीत हवं असतं," तो म्हणाला. हसत म्हणाला, पण मला त्यातली धास्ती कळली.

सकाळी त्याच्या बायकोनं तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं (मोड आणून सोललेल्या वालाची उसळ) बांधून दिलं, नमुन्याचे नकाशे होते त्याच कापडी पिशवीत. कापलेल्या भातखाचरांतून वाल हिरवागार वर आला होता. कर्जतला आम्ही गरम वडे खाल्ले, नेरळहून घाट चढलो आणि दस्तुरीला गाडी ठेवली. तिथून पुढे गाड्यांना बंदी. माझं वय आणि गुडघे बघून संदेशनं माझ्यासाठी घोडी ठरवली. घोडीचं नाव मैना, मालक काशिनाथदादा.

मी आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसले. लाल मातीची वाट, दोन्ही बाजूंना जांभळीची गर्द झाडं, आणि मी उंच बसून सगळ्यांकडे खाली बघतेय. "ताठ बसू नका, बाई. तिच्या चालीवर सोडा आंग," काशिनाथदादा सांगत होते. मी पुढच्या वळणापर्यंत स्वतःला सरदारीण समजू लागले होते.

चहाच्या टपरीपाशी उतरले आणि पिशवी कट्ट्यावर ठेवली. चहा घेऊन वळते तो मैनेचं तोंड पिशवीत. भाकऱ्या गेल्याच होत्या. बिरड्याचा रस्सा लागलेले नकाशेही गेले होते. तिच्या ओठातून हिरव्या रंगाचा एक तुकडा लोंबत होता आणि तोही आत गेला.

मला हसू फुटणार तेवढ्यात काशिनाथदादांचा चेहरा पाहिला.

"काय होतं रं त्यात? चकचकीत कागद होता का?" त्यांनी संदेशचा दंड धरला.

"नाही दादा. साधा कागद. प्लास्टिक नाय त्यात."

"माझी आधीची घोडी तसला कागद खाऊन गेली. पोटात गोळा झाला तिच्या. मैना गेली तर मी काय करू?"

संदेशनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनीही पहिलं तेच विचारलं, प्लास्टिक होतं का. मग म्हणाले, पाणी पाजा, हळूहळू चालवा, लीद टाकते का बघा, उद्यापर्यंत लक्ष ठेवा. आम्ही तिघं मैनेला चालवत हॉटेलच्या अंगणात पोचलो. मॅनेजरबाई बाहेर आल्या आणि त्यांनी नमुने मागितले. संदेशनं घोडीकडे बोट दाखवलं.

त्या हसल्या नाहीत. "आमचे पाहुणे धुक्यात फिरतात. साधा कागद टिकेल का?"

याचं उत्तर संदेश येताना घाटभर घोकत होता. आता मात्र तो मैनेच्या पोटाकडे बघत होता आणि काशिनाथदादा त्या पोटाला कान लावून उभे होते.

"वाजतंय का आत?" संदेशनं विचारलं.

"वाजतंय. पन मला आजून धीर नाय."

बाईंनी मग काशिनाथदादांना आधीच्या घोडीबद्दल विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. "हे मला आधी कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या.

"कोन इचारतं, मॅडम?"

थोड्या वेळानं मैनेनं लीद टाकली. इतक्या लोकांना लीद बघून इतकं सुख झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. संदेश तर मटकन पायरीवर बसला. बाई त्याला म्हणाल्या, "उद्या सकाळी ही घोडी चालती असेल, तर नकाशे प्लास्टिकशिवाय छापा. भिजले तर पाहुण्यांना दुसरे देऊ."

आम्ही लोधिवलीला परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळी व्हायच्या आत फोन आला. "चालतीय. चनं खाल्लं तिनं," काशिनाथदादा म्हणाले. संदेशनं फोन बायकोच्या हातात दिला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. मी मात्र उघड रडले.

मग तो कॉम्प्युटरसमोर बसला. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात त्यानं मोठ्या हौसेनं 'निसर्गाला निर्धोक' असं छापलं होतं. ती ओळ त्यानं पुसली आणि तिच्या जागी लिहिलं: 'घोड्यांच्या तोंडाशी कागद नेऊ नका. हासुद्धा.'

दुपारच्या एसटीनं मी सांगलीला परतले. त्या दिवसापासून दुकानात कुणी चकचकीत पत्रिका मागितली, की ती शेवटी कुणाच्या पोटात जाणार, हेच आधी माझ्या मनात येतं.