चाचांनी ओढलेली रेघ

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहायची सवय परीक्षेपुरती, तेव्हा कुणाविषयी लिहायला बसणं हे धाडसच आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण मुरुडच्या आमच्या शेजारच्या शिंपीचाचांइतके ढगळ कपडे साऱ्या मराठवाड्यात कुणी शिवत नसेल, एवढं मी खात्रीने सांगू शकतो. मापात बसणारा कपडा त्यांना कंजुषी वाटे. "माणूस वाढून राहिला ना, बेटा," म्हणत ते आत भरपूर मार्जिन सोडत. माझी दहावीची पँट पायाशी उसवत उसवत मी अजून नांदेडला कॉलेजात घालतो. एका नवरदेवानं कोट सैल झाल्याची तक्रार केली, तर म्हणाले, "लगीन झाल्यावर ये. तवा न्हाई भरला तर बोल." तो वर्षभरात भरला.

अशा माणसाचं एकच मूत्रपिंड चालू होतं, आणि त्यातच कॅन्सरची गाठ निघाली. हृदय ऑपरेशन सोसणारं नव्हतं. म्हणून नांदेडच्या एका दवाखान्यात नेमके गाठीवरच किरण सोडायचं ठरलं. त्यानंतरही ती वाढली, तर पुढं इलाज नव्हता. चाचा नांदेडलगतच्या विष्णुपुरीला माझ्या खोलीवर राहायला आले.

किरण कुठं सोडायचे यासाठी पोटावर शाईच्या रेघा काढल्या होत्या, पुसू नका म्हणून बजावलंही होतं. चाचांनी अंघोळीत त्या घासून काढल्या. मग घाबरून, मला न सांगता, खिशातल्या खडूनं पुन्हा ओढल्या.

"बाबा, ह्या कुणी काढल्या?" मशीनवरच्या मॅडमनी विचारलं.

"मीच. बोटभर मार्जिन सोडलंय. कमी पडाय नको."

"इथं बोटभर सरकलं तर आतडं भाजतंय, बाबा."

चाचांनी खिशातला खडू काढून मॅडमच्या टेबलावर ठेवला. रेघा तपासून नव्यानं काढाव्या लागल्या. पुढं ते मशीनखाली श्वास रोखून असे पडत, की मॅडम त्यांचं उदाहरण इतरांना देत. "एवढं फिटिंग म्या जिंदगीत केलं न्हाई," ते बाहेर येऊन म्हणत. फक्त परतीच्या बसमध्ये एकदा हळूच विचारलं, "बेटा, ती गाठ बी वाढूनच राहिली असंल का?"

कित्येक महिन्यांनी परवा चाचींचा फोन आला. "गाठ हाय तेवढीच हाय. डाक्टर म्हनला, हेच पायजे होतं." मग चाचांनी फोन घेतला.

"पँट आखूड झाली असंल तुझी. सुट्टीत घेऊन ये. आत कापड हाय अजून."