आडवा ग्लास

साकीनाक्याला आमच्या वर्कशॉपसमोर चहाची टपरी होती, तेव्हाची गोष्ट. एक पाणबुडी स्फोट होऊन बुडाली होती, आतली माणसं गेली होती, आणि टपरीवर रोज तोच विषय. कुणी म्हणे शत्रूचा घातपात, कुणी म्हणे आतलाच फितूर, कुणी म्हणे बॅटरीतला गॅस.

तिथे एक मालवणी म्हातारा यायचा. नाव कधी विचारलं नाही. चहा संपला की ग्लास बाकड्यावर आडवा ठेवायचा, तीच पाणबुडी. ज्याचं म्हणणं सगळ्यांना पटायला लागे, त्यालाच हा आडवा जायचा.

"घातपात? मग कोणी फुशारकी कशी नाय मारल्यान?"

दुसऱ्या दिवशी आम्ही बॅटरीवर आलो, तर हा पठ्ठ्या घातपाताच्या बाजूने!

एकदा मी वैतागलो. "काका, एकदाचं काय ते ठरवून टाका ना!"

बोटाने ग्लास हळूच फिरवत तो म्हणाला, "माझो धाकलो भाव दर्यात होडयेसकट गेलो. वारो होतो म्हणान सांगल्यानी, विषय संपलो. आता त्याचा नाव कोण काढता?"

आता ती टपरी नाही, म्हाताराही दिसत नाही. परवा तेव्हाचा एक दोस्त भेटला. चहा पिताना पाणबुडीचा विषय निघाला.

"बॅटरीच होती रे ती. सोड ना आता."

मलाही तसंच वाटतं. तरी मी रिकामा ग्लास टेबलावर आडवा ठेवला.

"थांब यार. घातपात नव्हता कशावरून?"